गिटारचा पेडलबोर्ड : आखणी आणि बांधणी

इलेक्ट्रिक गिटारचा सिग्नल अ‍ॅम्पपर्यंत पोहोचण्याआधी वाटेत ज्या छोट्या पेट्यांतून जातो त्यांना पेडल म्हणतात. अशी काही पेडल एका फळीवर पक्की बसवून, ठरलेल्या क्रमाने एकमेकांना जोडून आणि एकाच ठिकाणाहून वीज देऊन जो संच तयार होतो, तो पेडलबोर्ड. वादकांच्या गप्पा बहुतेक वेळा पेडलांभोवती फिरतात : कोणाचा ओव्हरड्राइव्ह अधिक गोड, कोणाचा डिले अधिक खोल. मंचावर मात्र फजिती होते ती दोन पेडलांच्या मधल्या भागात. केबलची पिन सैल होते, अडॅप्टर कमी पडतो, क्रम चुकलेला असतो, किंवा पाय चुकीच्या स्विचवर पडतो. चांगली पेडले विकत मिळतात. त्यांच्या मधला भाग ज्याचा त्याला आखावा लागतो, आणि बोर्डाची सगळी विद्या तिथेच आहे.

या पेट्यांचा जन्म एका बिघाडातून झाला. १९६१ साली गाजलेल्या मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याच्या ध्वनिमुद्रणात, नॅशव्हिलच्या स्टुडिओत, मिक्सिंग कन्सोलचा एक भाग नादुरुस्त होता आणि बास गिटारचा सोलो फाटक्या, गुरगुरत्या आवाजात उमटला. तो आवाज तसाच ठेवला गेला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी पुढे तोच परिणाम मुद्दाम घडवणारे सर्किट तयार केले आणि १९६२ मध्ये ते ‘मेस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आले. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये ते वाजले आणि त्याला एकदम मागणी आली. पाठोपाठ फझ फेस आणि वाह-वाह आले. ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉकला जिमी हेंड्रिक्स वाजवत होता तेव्हा त्याच्या पायाशी वाह, फझ आणि युनि-व्हाइब ही सगळी जमिनीवर सुटी पडलेली होती. बोर्ड ही कल्पना तेव्हा रुळलेली नव्हती.

ती रुळायला पेट्यांचे आकार एकसारखे व्हावे लागले. एमएक्सआरचा फेज ९० हा १९७४ चा. १९७७ मध्ये बॉस कंपनीने आपली छोटी पेडले आणली : ७३ मिलिमीटर रुंद, १२९ मिलिमीटर लांब, उजव्या बाजूला इनपुट, डाव्या बाजूला आउटपुट. हा साचा आजतागायत बदललेला नाही, आणि पुढे बोर्ड आखणाऱ्याला त्याचाच आधार मिळाला. त्याच दशकात इंग्लंडमध्ये पीट कॉर्निश यांनी डेव्हिड गिलमोरसारख्या वादकांसाठी सगळी सर्किटे एकाच मोठ्या पेटीत बसवलेले बोर्ड बांधले. ऐंशीच्या दशकात हे प्रकरण कपाटाएवढ्या रॅकमध्ये गेले. लॉस एंजेलिसच्या बॉब ब्रॅडशॉ यांच्या स्विचिंग यंत्रणा त्या काळातल्या. नंतर रॅकचे ओझे नकोसे झाले आणि पेडले पुन्हा जमिनीवर उतरली, यावेळी फळीवर बसून.

आखणीची सुरुवात गाण्यांच्या यादीपासून करावी. घरात असलेली पेडले समोर मांडून ‘ही सगळी कशी बसवायची’ असा विचार केला की बोर्ड हमखास मोठा, जड आणि निम्मा बिनकामाचा होतो. त्याऐवजी कार्यक्रमातली गाणी कागदावर लिहावीत आणि प्रत्येकासमोर लागणारे आवाज मांडावेत : स्वच्छ, किंचित फाटलेला, जड, सोलोसाठी उचललेला, लांब प्रतिध्वनीचा. यादी पुरी झाली की सारखे आवाज एकत्र करावेत. स्वतःच्या रचना पाऊण तास वाजवणाऱ्या चौघांच्या बँडला सहा-सात पेडले पुरतात, हे बहुतेकदा इथेच स्पष्ट होते. एका गाण्यातल्या चार मात्रांसाठी लागणारा फ्लँजर या टप्प्यावर गळला तर श्रोत्यांना त्याचा पत्ताही लागत नाही.

रात्रभरात जुनी हिंदी गाणी, लावणी, कोळीगीत आणि ताजे चित्रपटगीत वाजवणाऱ्या ऑर्केस्ट्रातल्या गिटारवादकाचे गणित वेगळे. त्याला वीस-तीस आवाज लागतात आणि दोन गाण्यांमध्ये निवेदकाच्या एका विनोदाइतकाच वेळ मिळतो. त्याच्यासाठी मल्टी-इफेक्ट प्रोसेसर हाच शहाणपणाचा पर्याय आहे. सुटी पेडले म्हणजे अस्सल आणि प्रोसेसर म्हणजे नक्कल, हा समज १९९० च्या सुमाराच्या यंत्रांबाबत काहीसा खरा होता. २०१५ मध्ये आलेल्या लाइन ६ हीलिक्सच्या पिढीनंतर त्यात फारसा अर्थ उरलेला नाही. प्रोसेसरची अडचण दुसरीच : तो बंद पडला तर सगळेच बंद पडते.

आवाज ठरले की क्रम. रूढ क्रम असा : ट्यूनर, वाह, कॉम्प्रेसर, ओव्हरड्राइव्ह व डिस्टॉर्शन, कोरस-फेजरसारखी मॉड्युलेशन पेडले, मग डिले आणि शेवटी रिव्हर्ब. त्यामागे कारण आहे. डिस्टॉर्शन सिग्नलचे शेंडे कापते आणि मंद आवाज वर उचलते. रिव्हर्ब त्याच्या आधी ठेवला तर सुरासोबत त्याची विरत जाणारी शेपटीही कापली जाते, उचलली जाते आणि सगळ्याचा गाळ होतो. उलट आधी आवाज फाडून मग त्याला प्रतिध्वनी दिला तर दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या ऐकू येतात. नियम मोडून सुंदर काही सापडलेले वादक आहेतच, पण मोडण्याआधी कारण माहीत असावे.

सोलोसाठी आवाज उचलणाऱ्या बूस्ट पेडलच्या जागेवरून बरेच जण फसतात. बूस्ट ओव्हरड्राइव्हच्या आधी ठेवला तर आवाज मोठा होत नाही, अधिक फाटतो, कारण पुढचे सर्किट आधीच शिगेला पोहोचलेले असते. ड्रम आणि कीबोर्डच्या वर यायचे असेल तर बूस्ट ओव्हरड्राइव्हच्या नंतर हवा. तीन ते सहा डेसिबलची उचल पुरते. त्याहून जास्त दिली की साउंडवाला फेडर खाली ओढतो आणि सोलो संपल्यावर गिटार गायब होते.

क्रमाशी जोडलेला, पण डोळ्यांना न दिसणारा भाग म्हणजे केबलची धारिता. गिटारचा पिकअप म्हणजे हजारो वेढ्यांची तारेची गुंडाळी. त्याचा इंडक्टन्स आणि केबलची धारिता मिळून एक अनुनाद तयार होतो आणि गिटारची चमक त्या अनुनादाच्या जागेवर ठरते. उदाहरण घेऊ. सिंगल-कॉइल पिकअपचा इंडक्टन्स २.५ हेन्री, त्याची स्वतःची धारिता १०० पिकोफॅरड आणि केबलची धारिता दर मीटरला १०० पिकोफॅरड धरली, तर ६ मीटर केबलवर अनुनाद सुमारे ३८०० हर्ट्झला येतो. केबल १२ मीटर झाली की तो २८०० हर्ट्झच्या आसपास घसरतो. कानाला हा फरक ‘आवाज मेला’ असा जाणवतो.

ट्रू बायपास पेडलांच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे लागते. असे पेडल बंद असते तेव्हा ते नुसती तार असते. बोर्डावरची सगळीच पेडले ट्रू बायपास असतील आणि सगळी बंद असतील, तर गिटारपासून बोर्डापर्यंतची केबल, मधल्या पॅच केबली आणि बोर्डापासून अ‍ॅम्पपर्यंतची केबल मिळून पिकअपला एकच लांबलचक केबल ओढावी लागते. ‘ट्रू बायपास म्हणजे शुद्ध आवाज’ ही जाहिरातीतली अर्धी गोष्ट आहे. उपाय म्हणजे बफर : एक साधे सर्किट, ज्याचा इनपुट इम्पिडन्स सुमारे १ मेगाओम आणि आउटपुट १ किलोओमच्या आत असतो. बफरनंतरच्या केबलच्या लांबीचा पिकअपवर परिणाम होत नाही. बॉसच्या बहुतेक पेडलांत तो आधीच असतो, त्यामुळे साखळीच्या सुरुवातीला असे एखादे पेडल असले तरी काम भागते. अपवाद जुन्या धाटणीच्या फझ फेसचा. त्याचा इनपुट इम्पिडन्स इतका कमी असतो की गिटारचा पिकअपच त्या सर्किटचा भाग बनतो, आणि गिटारचा व्हॉल्यूम थोडा खाली घेतला की आवाज निवळतो. मध्ये बफर आला की ही गंमत संपते आणि आवाज चिरका होतो. म्हणून असा फझ अगदी सुरुवातीला, ट्यूनरच्याही आधी ठेवावा.

बोर्ड कुठे जोडला जाणार, हेही आधी ठरवायला हवे. ज्या वादकाचा जड आवाज अ‍ॅम्पच्याच प्रीअ‍ॅम्पमधून येतो, त्याने डिले आणि रिव्हर्ब अ‍ॅम्पच्या इफेक्ट लूपमध्ये जोडावेत. नाहीतर रिव्हर्बच्या बाबतीत वर सांगितलेला गाळ इथेही होतो. त्यासाठी बोर्डापासून अ‍ॅम्पपर्यंत तीन केबली जातात. भाड्याने मिळणाऱ्या सामग्रीत वारंवार दिसणारा रोलँड जेसी-१२० (पहिला १९७५ चा) स्वच्छ आवाजासाठी प्रसिद्ध आहे. त्याच्यावर फाटका आवाज सगळा पेडलांतूनच काढावा लागतो. कित्येक ठिकाणी तर अ‍ॅम्पच नसतो आणि गिटार थेट पीएमध्ये जाते. डिस्टॉर्शनचा सिग्नल गिटार स्पीकरवाचून सरळ पीएत गेला की मधमाश्यांच्या पोळ्यासारखा आवाज येतो, कारण गिटार स्पीकर सुमारे ५००० हर्ट्झच्या वरचा भाग स्वतःच गाळून टाकतो. पीएचे स्पीकर तसे करत नाहीत. म्हणून साखळीच्या शेवटी कॅबिनेट सिम्युलेटर असलेले पेडल ठेवणे गावोगाव फिरणाऱ्याच्या हिताचे.

वीजपुरवठा हा बोर्डातला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत निर्णायक भाग. बहुतेक पेडले ९ व्होल्ट डीसीवर चालतात आणि त्यांच्या पिनमध्ये मधला भाग ऋण असतो. यात तीन गोष्टी तपासायच्या : व्होल्टेज, पिनची दिशा आणि प्रवाह. ९ व्होल्टच्या पेडलला १८ व्होल्ट दिले तर ते जळू शकते. प्रवाहाचे मात्र तसे नाही. पेडल लागेल तेवढाच प्रवाह ओढते, त्यामुळे पुरवठ्याची क्षमता जास्त असली तर काही बिघडत नाही, कमी असली तर पेडल अडखळते. साधा ओव्हरड्राइव्ह १० मिलिअँपियरच्या आसपास घेतो, ट्यूनर ३०, छोटा डिजिटल डिले ६० ते ७०, तर मोठ्या डिजिटल रिव्हर्बला एकट्याला ३०० लागू शकतात. बेरीज करून त्यावर चौथा हिस्सा सैल ठेवावा. नुसती एकूण बेरीज पाहून भागत नाही. प्रत्येक आउटपुटची स्वतंत्र मर्यादाही पाहावी लागते. १०० मिलिअँपियरच्या सहा आउटपुटांवर ३०० चा रिव्हर्ब चालत नाही.

एकाच अडॅप्टरला माळेसारखी तार लावून सगळी पेडले चालवणे स्वस्त पडते, आणि चार अ‍ॅनालॉग पेडलांपर्यंत ते चालूनही जाते. त्यात एक डिजिटल पेडल आले की त्याच्या घड्याळाची बारीक किणकिण सामाईक तारेतून ओव्हरड्राइव्हमध्ये शिरते आणि तिथे शंभरपट मोठी होते. जुन्या पद्धतीच्या जर्मेनियम फझमध्ये धन टोक अर्थला जोडलेले असते. ते माळेत लावले तर पुरवठाच शॉर्ट होतो. यावर इलाज म्हणजे प्रत्येक आउटपुट विद्युतदृष्ट्या वेगळे ठेवणारा आयसोलेटेड पुरवठा. खर्चाची कात्री लावायचीच असेल तर ती एखाद्या पेडलवर लावावी, इथे नाही. ट्रान्सफॉर्मर असलेला पुरवठा वाहच्या थेट खाली बसवू नये. वाहमधली गुंडाळी त्या ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र पकडते आणि ५० हर्ट्झची घुमी ऐकू येते. पुरवठा काही इंच सरकवला की ती विरते.

भारतातल्या मंचांचे काही खास प्रश्न आहेत. अमेरिकेतून आणलेला फक्त १२० व्होल्टचा पुरवठा इथल्या २३० व्होल्टला लावला की त्याचा निकाल लागतो. खरेदीपूर्वी त्यावर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले आहे का, हे पाहावे. जत्रेतला किंवा लग्नाच्या लॉनवरचा जनरेटर दिवे लागले की दबतो. व्होल्टेजचा असा चढउतार रुंद मर्यादेचा स्विचिंग पुरवठा पचवतो.

त्याहून गंभीर प्रश्न अर्थिंगचा. गिटारच्या तारा ब्रिजमधून केबलच्या अर्थला जोडलेल्या असतात, म्हणजे वादकाचा हात अ‍ॅम्पच्या अर्थवर आणि ओठ माइकच्या अर्थवर असतात. या दोन अर्थांत फरक असला तर वीज वादकातून वाहते. स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी मे १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्झी इथे भर मंचावर अशाच माइकच्या धक्क्याने गेला. गणेशोत्सवाच्या ओल्या मांडवात दोन पिनांच्या एक्स्टेंशनवर अ‍ॅम्प चालवणे हा त्याच जातीचा धोका आहे. घुमी घालवण्यासाठी प्लगची अर्थ पिन तोडण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो कधीही मानू नये. घुमीवर डीआय बॉक्सचा ग्राउंड लिफ्ट आहे, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आहे. बोर्ड, अ‍ॅम्प आणि माइक एकाच अर्थ केलेल्या फेजवर घ्यायला सांगणे आणि गाण्याआधी टेस्टरने माइकची जाळी तपासणे, यात लाजण्यासारखे काही नाही.

आता फळी. पेडलांचे ठसे खऱ्या मापाने कागदावर कापून जमिनीवर मांडले की अर्धे प्रश्न आपोआप सुटतात. समजा बोर्ड ६० सेंटिमीटर रुंद आणि ३२ खोल आहे. पुढच्या रांगेत १० सेंटिमीटर रुंदीचा वाह आणि ७.३ सेंटिमीटरची पाच पेडले बसवली तर ४६.५ सेंटिमीटर होतात. मधल्या पाच फटींत चपट्या डोक्याच्या पिनांसाठी दोन-दोन सेंटिमीटर सोडले की ५६.५. बसले, पण जेमतेम. साध्या सरळ पिना वापरल्या असत्या तर एक पेडल बाहेर राहिले असते. सिग्नल उजवीकडून डावीकडे वाहतो, त्यामुळे वाह उजव्या टोकाला येतो, आणि बहुतेकांचा वाह चालवणारा पाय उजवाच असल्याने हे सोयीचेही पडते.

पायांचा क्रम आणि सिग्नलचा क्रम एकच असला पाहिजे असे नाही. गाण्याच्या मध्यात दाबायची पेडले पुढच्या रांगेत, गाण्याआधी एकदाच लावायची मागच्या रांगेत. त्यासाठी एखादी पॅच केबल लांब करावी लागली तर करावी. मागची रांग चार-पाच सेंटिमीटर उंच असली तर पुढचे पेडल चुकून दाबले जात नाही. बुटाची रुंदी १० सेंटिमीटरच्या घरात असते, म्हणून सराव करायचा तो कार्यक्रमाच्याच बुटांत. घरी अनवाणी पायांनी सगळे स्विच सापडतात. एका गाण्यात एकाच क्षणी तीन पेडले बदलावी लागत असतील, तर लूप स्विचर घेऊन ती एका बटणावर आणावीत.

बांधणीला फार हत्यारे लागत नाहीत. तयार अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटी हलक्या आणि सोयीच्या असतात, पण १२ मिलिमीटर प्लायवूडचा उतरता बोर्ड कोणताही सुतार एका दुपारी करून देतो. केबली खाली घेण्यासाठी त्यात भोके पाडून घ्यावीत आणि कडा घासून घ्याव्यात. पेडलचे रबरी पाय काढून तळ स्पिरिटने पुसावा, मगच वेल्क्रो लावावा. काटेरी बाजू पेडलला, मऊ बाजू फळीला. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत वेल्क्रोचा गोंद पाघळतो. लाकडी फळी असेल तर सायकलच्या साखळीची कडी पेडलच्या तळाच्या स्क्रूला अडकवून फळीत दुसऱ्या स्क्रूने आवळणे हा जुना आणि पक्का तोडगा आहे.

पॅच केबली स्वतः बनवल्या तर नेमक्या लांबीच्या होतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात पिना, शिल्डेड वायर, सोल्डर सगळे मिळते. सोल्डरचा सांधा गुळगुळीत आणि चकचकीत दिसला पाहिजे. दाणेदार, मळकट सांधा आज चालतो आणि ऐन कार्यक्रमात दगा देतो. प्रत्येक केबल मल्टिमीटरवर तपासताना टोके हलवून पाहावीत, कारण कच्चा सांधा स्थिर असताना शाबूत वाटतो. विजेच्या तारा एका कडेने आणि ऑडिओच्या दुसऱ्या कडेने न्याव्यात, आणि जिथे छेद द्यावाच लागतो तिथे काटकोनात द्यावा. नायलॉनच्या टायने सगळे आवळण्याआधी आठवडाभर तसेच वाजवून बघावे. या आठवड्यात एखाद्या तरी पेडलची जागा बदलतेच.

आवाजाच्या पातळ्या तालमीच्या खोलीत, ड्रमसोबत लावाव्यात. कमी आवाजात माणसाच्या कानाला खर्ज आणि टोकाचे तीव्र स्वर कमी ऐकू येतात, म्हणून घरी एकट्याने लावलेला भरदार आवाज मंचावर खर्जात बुडतो. बँडमध्ये गिटार ऐकू येते ती मधल्या पट्ट्यात, नेमकी जिथे घरी ती नकोशी वाटते. डिलेची वेळ गाण्याच्या लयीशी जुळवायची तर ६०,००० ला दर मिनिटाच्या मात्रांनी भागावे. १२० च्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, आणि पाऊण मात्रेचा लोकप्रिय डिले ३७५ चा. टॅप टेम्पोचे बटण असले तर हा हिशेब पायच करतो. नॉबच्या जागा रंगीत टेपच्या बारीक पट्टीने खुणावून ठेवाव्यात आणि वर मोबाइलने एक फोटो काढावा, कारण वाहतुकीत नॉब फिरतातच.

पेटीसह भरलेला बोर्ड सहज दहा-बारा किलो भरतो. देशांतर्गत विमानात साधारणपणे १५ किलो सामान चालते, त्यात कपडेही आले. हा आकडा आखणीच्या पहिल्याच कागदावर असायला हवा. कोकण-गोव्याच्या दमट हवेत जॅकच्या आतल्या पट्ट्या काळवंडतात आणि आवाज येतो-जातो. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा, पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवावी. सोबत दोन पॅच केबली, एक मोठी केबल, एक जादा डीसी तार आणि छोटा स्क्रूड्रायव्हर असावा. मंचावर आवाज एकदम गेला तर आधी गिटार थेट अ‍ॅम्पमध्ये लावून गाणे पूर्ण करावे. मग दोन गाण्यांच्या मध्ये साखळीच्या मधोमध असलेल्या पेडलच्या आउटपुटला अ‍ॅम्पची केबल लावून पाहावे. आवाज आला तर बिघाड पुढच्या अर्ध्यात आहे, नाही आला तर मागच्या. त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग केले की आठ पेडलांच्या बोर्डातही तीन तपासण्यांत दोषी जागा सापडते.